निकाल लागला, तंटा मिटला का?

स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. तिला आता बरीच वर्षे झाली. सीमाभागातील एका महाविद्यालयात मी नुकताच नोकरीस लागलो होतो. रंगीत तालीम चालू होती. पहिले गाणे मराठी असावे की कन्नड, यावरून दोन गटांत बोलाचाली झाली, बोलाचालीवरून हातघाई झाली आणि त्या ढकलाढकलीत रंगमंचाच्या कडेला ठेवलेला एक पखवाज खाली पडला. त्याची पुडी फाटली, खोडाला तडा गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. तिच्यात मीही होतो. आम्ही साक्षी घेतल्या, कोणी आधी हात उचलला ते ठरवले, दोन विद्यार्थ्यांना आठ दिवस वर्गात येण्यास बंदी केली आणि प्रत्येकी दंड ठोठावला. दंड कार्यालयात जमा झाला, पावत्या फाडल्या गेल्या. प्रकरण निकालात निघाले, असे आम्हा सर्वांना वाटले.

महिनाभराने ग्रंथालयात एक अबोल मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, पखवाजाचं काय?" पखवाज त्याच्या गावच्या भजनी मंडळाचा होता. मामाच्या शब्दावर त्याने तो चार दिवसांपुरता आणला होता. गंमत अशी की मराठी आणि कन्नड अशा दोन्ही गाण्यांना साथ तोच करणार होता. त्या दिवसापासून मंडळासमोर कसे जावे या संकोचाने त्याने एकादशीच्या भजनाला जाणे सोडले होते. आमच्या समितीने अकरा साक्षी घेतल्या, पण या मुलाला कोणी बोलावले नव्हते. ज्या दोघांना शिक्षा झाली, त्यांना पखवाज कोणाचा हेदेखील ठाऊक नव्हते. आणि ते दोघे पुढे पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

निकाल लागला होता. तंटा मिटला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या मुलाच्या प्रश्नाने मला शिकविले. हा फरक काय आहे, तो भरून काढण्याची रीत जगात कोठे कोठे घडली आणि ती शिकविता येते का, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

दोन प्रकारचे प्रश्न

गुन्हा किंवा आगळीक घडली की आपण सवयीने तीन प्रश्न विचारतो. कोणता नियम मोडला? कोणी मोडला? त्याला शिक्षा काय? कोर्टाचे काम या प्रश्नांवर चालते, आणि ते तसे चालणे आवश्यकही आहे. परंतु याच घटनेकडे पाहण्याचे आणखी तीन प्रश्न आहेत. कोणाला इजा पोहोचली? त्याची आता गरज काय? आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दुसऱ्या दृष्टीची नीट मांडणी केली. हिला आज 'पुनर्स्थापक न्याय' असे नाव आहे. नाव जड आहे, पण कल्पना सोपी आहे: मोडले ते जोडावयाचे, आणि शक्यतो ज्याने मोडले त्याच्याच हातून.

पहिल्या प्रश्नमालिकेत नुकसान सोसणारा मनुष्य केवळ साक्षीदार असतो. दुसऱ्या मालिकेत तो मध्यभागी येतो. पखवाजवाल्या मुलाला आमच्या समितीत जागा नव्हती याचे कारण आमची दुष्ट बुद्धी नव्हे. आमच्या प्रश्नांतच त्याला जागा नव्हती.

नॉर्वेतील गुन्हेशास्त्रज्ञ निल्स ख्रिस्ती यांनी १९७७ साली एक विलक्षण विचार मांडला. त्यांच्या मते तंटा ही तंटा करणाऱ्यांची मालमत्ता असते. वकील, अधिकारी आणि तज्ज्ञ ती त्यांच्याकडून काढून घेतात. प्रथम वाचताना हे चमत्कारिक वाटते. पण बांधाच्या वादात पंधरा वर्षे तारखांना जाणाऱ्या दोन भावांकडे पाहा. खटला त्यांचाच, पण त्यांच्या तोंडून एक वाक्यही एकमेकांना उद्देशून बोलले जात नाही. शेवटी एक जिंकतो, दुसरा हरतो, आणि दोघांची मुले त्याच बांधावर पुन्हा उभी राहतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

आपल्याकडील जुनी रीत

यावर कोणी म्हणेल, यात नवे काय? आपल्याकडे पंचामुखी परमेश्वर होताच की! होता, आणि त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. मराठेशाहीत गावोगावचे तंटे गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे येत. वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून आधी 'राजीनामा' लिहून घेत. म्हणजे पंच सांगतील ते मान्य करू अशी राजीखुशीची कबुली. आज नोकरी सोडण्याचे पत्र एवढाच या शब्दाचा अर्थ आपल्या ध्यानी उरला आहे; मूळ अर्थ संमतीचा आहे. आपले कन्नड भाषिक मित्र तडजोडीला आजही 'राजी संधान' म्हणतात, त्यात तोच 'राजी' आहे. निवाडा झाला की हरणारा 'येजितखत' लिहून देई, म्हणजे आपला पक्ष खोटा ठरल्याचे कबूल करी. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात या पंचायतींचे गुण आणि दोष दोन्ही नोंदविले आहेत.

यातला राजीखुशीचा भाग मोलाचा आहे. पण येजितखताकडे नीट पाहिले तर दिसेल की तेथेही कोणी तरी जिंकला आणि कोणी तरी हरला याचीच नोंद होई. आणि पंच कोण असत? गावात ज्यांचे वजन असे ते. बायकांना व गावकुसाबाहेरच्यांना तेथे किती आवाज होता, हे सांगावयास नको. तेव्हा जुने ते जसेच्या तसे उचलून चालणार नाही.

याच वाटेवरचे पुढचे पाऊल आपल्याला गांधीजींच्या वकिलीत दिसते. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी. प्रतिपक्षी होते प्रिटोरियाचे तय्यब हाजी खान महंमद. दोघे नातलग, एकाच गावचे. दावा मोठा होता आणि वकिलांच्या खर्चात दोघेही बुडण्याची चिन्हे होती. गांधीजींनी दोघांना लवादाला राजी केले. लवादाचा निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला: सुमारे ३७ हजार पौंड आणि खर्च.

सामान्य वकील येथे थांबला असता. पण एवढी रक्कम एकदम भरावयाची तर तय्यब शेठ यांचे दिवाळे निघणार होते; आणि त्या व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण बरे अशी भावना होती. गांधीजी पुन्हा आपल्याच अशिलाकडे गेले आणि ही रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घेण्यास त्याला राजी केले. आत्मकथेत ते सांगतात की लवादाला तयार करण्यापेक्षा हे काम अधिक कठीण गेले, आणि दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हेच वकिलाचे खरे काम हे त्यांना येथे उमगले. लवादाने निकाल दिला; तंटा मिटला तो हप्त्यांनी. निकालानंतरचे हे दुसरे पाऊल हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

एका रात्रीची नासधूस

आता एक परदेशी उदाहरण पाहू, कारण आजच्या या चळवळीची सुरुवात बहुधा तेथूनच मोजली जाते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाचे लहान गाव आहे. १९७४ च्या मे महिन्यात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री गावातील बावीस ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या, जे दिसेल ते मोडले. दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षेपूर्वीचा अहवाल तयार करण्याचे काम मार्क यान्त्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे होते. या मुलांनी त्या त्या घरी जाऊन माणसांना तोंड द्यावे, अशी सूचना त्यांनी न्यायाधीश गॉर्डन मॅक्कोनेल यांच्यापुढे ठेवली. कायद्यात अशी तरतूद नव्हती, तरी न्यायाधीशांनी ती मान्य केली.

मग हे दोघे दारोदार गेले. अधिकारी व त्यांचा सहकारी वही घेऊन मागे उभे राहत. बोलावयाचे ते मुलांनी. जे गाव सोडून गेले होते त्यांच्याखेरीज बाकीच्यांची भेट झाली. कोणाचे किती नुकसान झाले ते लिहिले गेले आणि काही महिन्यांत दोघांनी भरपाई पुरी केली. त्यांपैकी रस केली या तरुणाने पुढे अनेक वर्षांनी आपली ओळख स्वतः उघड केली आणि तो याच कामात स्वयंसेवक झाला.

तुरुंगात जाणे सोपे नाही हे खरे. पण ज्याची खिडकी फोडली त्याच्या दारात दिवसाउजेडी उभे राहून "मीच तो" म्हणणे अधिक कठीण आहे. पुनर्स्थापक न्याय म्हणजे सौम्य शिक्षा हा जो समज आहे, तो या उदाहरणावरून दूर व्हावा.

पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने ही रीत राज्यव्यवस्थेतच आणली. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला की मुलगा, त्याचे कुटुंब, इजा झालेली व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसून पुढे काय करावयाचे ते ठरवितात. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांची अशी तक्रार होती की सरकारी व्यवस्था त्यांची मुले कुटुंबापासून तोडते. या कायद्यामागे त्या तक्रारीचा मोठा वाटा होता.

हे शिकविता येते का?

येते, असे माझे मत आहे. समेट घडविणे ही कोणा थोर पुरुषाची देणगी आहे असे आपण मानतो, आणि म्हणून गावात तसा पुरुष नसला की हात टेकतो. वस्तुतः हे पोहण्यासारखे कौशल्य आहे. पाण्यात उतरून शिकावे लागते. त्याच्या पायऱ्या थोडक्यात अशा.

पहिली पायरी स्वतंत्र भेटीची. दोन्ही पक्षांना एकत्र आणण्यापूर्वी प्रत्येकाचे म्हणणे निराळे ऐकावे. एकत्र बसण्याची त्याची खरोखरीच इच्छा आहे का, की कोणाच्या धाकाने तो हो म्हणतो आहे, हे येथेच कळते. नाही म्हणण्याची मोकळीक नसेल तर होकाराला अर्थ नाही.

दुसरी पायरी बैठकीची. सर्वांनी गोल बसावे. टेबलाच्या पलीकडे कोणी 'साहेब' नको. मध्यस्थाने निकाल द्यावयाचा नसतो, फक्त प्रश्न विचारावयाचे असतात. काय घडले? तेव्हा तुमच्या मनात काय होते? कोणाकोणावर परिणाम झाला? आता नीट करण्यासाठी काय करावे लागेल? एकाच्या बोलण्यात दुसऱ्याने तोंड घालू नये. "तू असे का केलेस?" हा प्रश्न शक्यतो टाळावा, त्याने मनुष्य कारणे सांगू लागतो आणि घटना बाजूला राहते.

तिसरी पायरी ऐकण्याची, आणि तीच सर्वांत अवघड. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एक नियम सुचविला होता: आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे सांगावे की तो म्हणेल, "होय, मला हेच म्हणावयाचे आहे." वर्गात हा प्रयोग करून पाहावा. वसतिगृहातील पाण्याच्या वेळेसारखा साधा वाद घ्यावा आणि दोन गटांनी भूमिकांची अदलाबदल करावी. आपण किती कमी ऐकतो हे पाच मिनिटांत ध्यानी येते.

चौथी पायरी कराराची. "यापुढे गुण्यागोविंदाने राहू" हा करार नव्हे. कोणी, काय, किती तारखेपर्यंत करावयाचे हे त्यात लिहिलेले असावे. "दोघांनी मिळून पखवाज दुरुस्त करून एकादशीपूर्वी मंडळाकडे नेऊन द्यावा" हा करार. आणि पाचवी पायरी, जी आपण हमखास विसरतो: महिन्याभराने पुन्हा भेटून ते झाले का ते पाहणे.

धोके कोठे आहेत

एवढे गोड चित्र रंगविल्यावर त्यातील विष न दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. समेट या शब्दाखाली दुबळ्याचे तोंड बंद करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. "झाले गेले विसरून जा", "घरची अब्रू चव्हाट्यावर नको" ही वाक्ये नेहमी कोणाला ऐकविली जातात, ते पाहावे. जातपंचायतीही स्वतःस तंटे मिटविणाऱ्याच म्हणवीत आल्या. पण त्यांच्या हातातील शस्त्र वाळीत टाकण्याचे होते. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

दुसरे उदाहरण इंदूरचे आहे. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने, एका स्त्रीचा विनयभंग केल्याचा आरोप असलेल्या इसमास जामीन देताना अशी अट घातली की त्याने रक्षाबंधनाला मिठाई घेऊन त्या स्त्रीच्या घरी जावे आणि राखी बांधून घ्यावी. हेतू नाते जोडण्याचा असेल. परंतु त्या स्त्रीला काय हवे हे कोणी विचारले होते का? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ही अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत आरोपीशी तडजोड सुचविण्यापासून न्यायालयांनी दूर राहावे असे बजावले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील धडा असा: इजा झालेल्या व्यक्तीच्या प्रश्नापासून सुरू न होणारा समेट म्हणजे दुसरी इजा होय.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा तिला मोठा आधार होता. गावाने समिती नेमावी, दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, आणि चांगले काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस मिळावे, अशी योजना होती. गावाने आपल्या तंट्याची मालकी परत घ्यावी, हा विचार ख्रिस्ती यांच्या विचाराशी जुळणारा आहे. पण बक्षीस आले की आकडा येतो. किती तंटे मिटले हे मोजता येते. मिटताना कोण गप्प बसले हे मोजता येत नाही. समितीच्या सदस्यांना ऐकण्याचे शिक्षण नसेल तर 'तंटामुक्त' गाव आणि 'तक्रारमुक्त' गाव यांतील फरक पुसला जातो. आणि ज्या गावात तक्रार करण्याची सोय नाही, तेथे शांतता नसते. नुसती सामसूम असते.

म्हणून काही मर्यादा ठरवूनच या कामात पडावे. गंभीर गुन्हे पोलीस आणि कोर्ट यांचेच. ते पंचांनी हाती घेऊ नयेत. कोणत्याही क्षणी उठून कायद्याकडे जाण्याची वाट दोघांनाही मोकळी असावी. आणि मध्यस्थांत त्या दुबळ्या बाजूच्या माणसाला आपले वाटेल असे कोणी तरी असावे.

आपल्या वाट्याचे काम

देशाच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातील रहिवाशांत किंवा कुटुंबांत शांतता आणि सलोखा बिघडेल असा तंटा, दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे मिटविण्याची कल्पना त्यात आहे. लोकअदालतीतला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो. सामुदायिक मध्यस्थीतला करार मात्र तसा बजावता येत नाही. काहींना ही उणीव वाटेल. मला तीत एक खूण दिसते. बेलिफाच्या जोरावर न टिकणारा करार टिकवावयाचा तर तो दोघांना मनापासून पटलेला असावा लागतो, आणि तसा करार घडविणारी माणसे आधी घडवावी लागतात.

ती कोठे घडणार? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते होतात, झाडे लागतात. त्यातील दोन दुपारी या शिक्षणाला देता येतील. ज्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड विभाग एकाच बांधणीत शेजारी शेजारी छापले जातात, त्याच्या वाचकांना तर हे काम परके वाटू नये. आपल्याकडील मोठे वाद आपण सोडवू असा दावा मी करीत नाही. ते ज्यांचे त्यांच्या ठिकाणी सुटतील तेव्हा सुटोत. पण पहिले गाणे कोणते यावरून पडलेला पखवाज उचलणे आपल्या हाती आहे.

तो पखवाज शेवटी त्या मुलाच्या मामानेच पदरचे पैसे घालून दुरुस्त करून आणला. दंडाचे पैसे कोणत्या तरी खाती जमा होते. ते देण्याची नियमात सोय नव्हती. त्या दोन विद्यार्थ्यांना मी तेव्हा एवढेच सांगावयास हवे होते, की बाबांनो, पखवाज अमक्याचा आहे, त्याच्या गावी जाऊन या. ते गेले असते असे मला अजूनही वाटते. दोघेही वाईट नव्हते. त्यांना कोणी विचारले नाही, इतकेच.